वक्त्याच्या पाठोपाठ

मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची, त्यापुढची ४० ची. वक्ता रंगात आला की सहज शंभरी ओलांडतो. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं यूट्यूबवरचं थेट प्रसारण कॅप्शनसह करायचं ठरलं, तेव्हा ‘कुणाला तरी बसवू टाइप करायला’ ही कार्यवाहांची सूचना पहिल्याच बैठकीत बाद झाली. लघुलेखक मिनिटाला १२० शब्द टिपतात, पण त्या रेघांचं वाचण्याजोगं मराठी नंतर सावकाश होतं. आम्हाला ते लगेच हवं होतं.

मागणी आमच्या जुन्या मुख्याध्यापक सरांची. साठीनंतर त्यांचे कान गेले. यंत्र लावलं की आवाज येतो, शब्द येत नाहीत. व्याख्यान चालू असताना लेक शेजारी बसून वहीत सारांश लिहून दाखवायची. सर मला म्हणाले, “ती मला तिला पटलं तेवढंच सांगते.” (जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाचं कॅप्शनवर भागत नाही, त्याला दुभाषी लागतो. ते आम्हाला अजून जमलेलं नाही.) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या संदर्भात कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. सरांनी कायदा काढला नाही. ते आजीव सभासद आहेत, आमच्याकडे तेवढं पुरतं.

व्हिडिओवाला म्हणाला, अक्षरं चित्राच्या प्रवाहात मिसळूनच पाठवू. ती पद्धत अमेरिकी टीव्हीवर १९८० मध्ये सुरू झालेली. ओळीला ३२ अक्षरं, आणि तीही लॅटिन वळणाची. देवनागरीला तिथे थारा नाही. दुसरा मार्ग अक्षरं थेट चित्रावर छापण्याचा. तो सर्वांत सोपा, पण मग ती प्रत्येकाला दिसणार, आणि वक्त्याच्या शालीवर ओळी फिरलेल्या कार्यवाहांना चालणार नव्हत्या. मग उरला तिसरा. प्रसारणापुरता एक पत्ता यूट्यूब देतं, त्यावर मजकूर वेगळा पाठवायचा. ज्याला हवा तो सीसीचं बटण दाबून लावतो. प्रत्येक ओळीसोबत क्रमांक आणि वेळ जाते. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेतली, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. ती वजाबाकी राहिली की दिसायला सगळं सुरळीत चालू असतं आणि सरांच्या टीव्हीवर एक अक्षर उमटत नाही. हा सगळा प्रोग्रॅम माझ्या भाच्याने लिहिला. त्याबद्दल मला त्याहून जास्त विचारू नये.

माझं काम बोलण्याचं. मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. मंचामागे सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली आहे, तिथे दार लावून बसते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर माझ्या हेडफोनला येते. वक्ता बोलतो ते मी ऐकते आणि त्याच क्षणी माझ्या माइकमध्ये पुन्हा म्हणते. क्रोममधली मराठी श्रुतलेखनाची सोय माझा आवाज ऐकून अक्षरं काढते. शेजारी भाचा बसतो, चुकलेला शब्द दुरुस्त करतो, विरामचिन्ह घालतो आणि एंटर मारतो. वक्त्याचा आवाज सरळ यंत्रालाच का देऊ नये, असं सगळे विचारतात. आम्ही दिला होता. सभागृहाचा घुमारा, खोकला, मधूनच माइकपासून लांब जाणारं तोंड, यात वाक्यं विरघळून जातात. बीबीसीवर थेट कार्यक्रमांची सबटायटल्स अशीच पुन्हा बोलून होतात, हे वाचलं होतं, म्हणून धीर आला.

सगळ्यात अवघड गेलं ते सपाट बोलणं. रेडिओवर आयुष्यभर शिकले आवाजात चढउतार आणायला, इथे तोच चढउतार यंत्राला गोंधळात पाडतो. वक्ता गहिवरतो आणि मी त्याचं वाक्य रेल्वेच्या उद्घोषणेसारखं म्हणते. कान अर्धं वाक्य पुढे, जीभ अर्धं वाक्य मागे. वीस-पंचवीस मिनिटांत डोकं बधिर होतं, म्हणून दोघीजणी आलटून पालटून बसतो. आम्हाला लागणारा वेळ भरून निघावा म्हणून प्रसारणच ३० सेकंद उशिरा सोडतो. ती सोय यूट्यूबवर आहे. त्यामुळे बघणाऱ्याला ओठ आणि ओळ जवळपास सोबत मिळतात.

काय गाळायचं, हा मात्र रोजचा वाद. ‘म्हणजे काय आहे की’ मी गाळते. विनोद कधीच गाळत नाही, तो फसलेला असला तरी. ओव्या आणि अभंग आले की यंत्र जुन्या मराठीची नवी मराठी करून टाकतं, म्हणून वक्त्यांकडून ते आधीच मागवून फाइलमध्ये ठेवतो आणि भाचा वेळेवर चिकटवतो. एकदा वऱ्हाडी बोलणारे एक लेखक आले होते. मी त्यांचं जसंच्या तसं म्हणत होते, पण यंत्र ते पुणेरी करून उतरवत होतं. मध्यंतरात सरांचा व्हॉट्सॲप आला: “हे पाहुणे पेठेतले आहेत का?” पुढचा अख्खा भाग भाच्याने क्रियापदं हाताने वऱ्हाडीत परत आणली. ओळी उशिरा गेल्या, काही गळल्याही. शुद्धलेखनाच्या आग्रही सभासदांनी दुसऱ्या दिवशी त्यावर तक्रार केली. ती मी फाइलला लावून ठेवली आहे, उत्तर देणार नाही.

कॅप्शन घरातली इतर मंडळीही लावतात, असं हळूहळू कळलं. कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाला वक्त्याचा उच्चार कळत नाही. कार्यवाहांना हे फार आवडलं, कारण खर्चाच्या ठरावाला तेवढीच मतं वाढली.

आता सरांना घरी बसून बघायचं नाही. त्यांना सभागृहात, दुसऱ्या रांगेत यायचं आहे, आणि मंचाच्या कडेला पडदा हवा आहे. मागणी रास्त आहे. पण सभागृहात ३० सेकंदांची सवलत नाही. बाकीचे हसून मोकळे झाल्यावर ओळ पडद्यावर येणार. हे अंतर कमी करायचं तर भाच्याची दुरुस्ती थोडी सोडावी लागेल आणि वक्त्यांचं टिपण आधी हातात यावं लागेल. म्हणून यंदा निमंत्रणपत्रात मानधनाच्या ओळीच्या वरच, टिपण आठ दिवस आधी पाठवावं, असं मी ठळक अक्षरांत घातलं आहे.