तुमच्या दादाला का नाही लावलं?

डाळिंबाचा ताण तोडला, आंबे बहाराचं पहिलं पाणी सुरू केलं. त्याच्यावर लिहिणार होतो, पण मधी शाळेचं एक प्रकरण झालं, ते आधी सांगतो. ड्रीपचं त्यातच येईल.

आमच्या गावाला पाणी सोडणारे अण्णा आता सत्तरीला टेकले. सव्वीस वर्षं तेच मोटार चालू करतात, तेच टाकी भरतात. कोणत्या आळीची लाईन कुठून गेली, कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे कागदावर कुठंच नाही. सगळं त्यांच्या डोक्यात. दिवाळीनंतर ते पंधरा दिवस दवाखान्यात होते. वरच्या आळीला थेंब नाही आणि खालच्या आळीत पाणी गटारीनं वाहतंय. गावात एवढी तरणी पोरं, पण पॅनल उघडून बघायची एकाची हिंमत होईना. शेवटी तालुक्याहून माणूस आणला.

त्याच्यावरून हेडमास्तर म्हणाले, नववीच्या पोरांना पाण्याच्या कामाबद्दल सांगा काहीतरी, पुढं काय शिकता येतं, काय नोकऱ्या असतात. मी १९८७ चा दहावी पास, भाषण काय करणार? म्हटलं पोरं शेतावर पाठवा, आणि प्रयोगशाळेतलं एक मोजपात्र बरोबर द्या.

एकतीस पोरं आली. आधी विहिरीवर नेलं. काठावर कोणाला जाऊ दिलं नाही, टेप मीच सोडला. आमची विहीर सात परस, व्यास आठ मीटर. त्या दिवशी पाणी पाच मीटर उभं होतं. म्हटलं सांगा, पाणी किती? पोरं गप्प. सर म्हणाले, अरे वर्तुळाचं क्षेत्रफळ! मग एकानं मातीतच मांडलं, ३.१४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ५० चौरस मीटर धरा. एक मीटर पाणी म्हणजे ५० हजार लिटर. पाच मीटरचे अडीच लाख. दोन एकरात ६२० झाडं, झाडाला चार लिटरचे चार ड्रीपर, म्हणजे तासाला जवळपास दहा हजार लिटर. दोन तास रोज चालवलं आणि झरे आटले तर साडेबारा दिवसांत विहीर कोरडी. हे मी स्वतः कधी असं मांडलं नव्हतं. आपण आपलं विहिरीत डोकावतो आणि "आहे अजून" म्हणतो.

मग ड्रीपर मोजायला लावले. चार लिटरच्या ड्रीपरमधून मिनिटाला ६६ मिली पडायला पाहिजे. पहिल्या ओळीत ६५ भरलं. मी खुश. एक पोरगी मोजपात्र घेऊन थेट शेवटच्या ओळीला गेली आणि तिकडून ओरडली, "काका, इथं चाळीसच आहे." परत मोजलं, चाळीसच. ती म्हणाली, मग दोन तासांत पहिल्या झाडाला एकतीस लिटर आणि याला एकोणीस? सगळ्यांसमोर माझं तोंड बघण्यासारखं झालं. दोन वर्षं खालच्या टोकाचा बहार सारखा फुटत नाही म्हणून मी औषधं बदलतोय, दुकानदाराशी भांडतोय.

फिल्टरची जाळी काढली, गाळानं भरलेली. लॅटरलच्या एंड कॅप उघडल्या तर लाल गढूळ पाणी. धुऊन काढल्यावर शेवटी ५८ मिली आलं. राहिलेलं क्षारामुळं असणार, त्याला ॲसिड ट्रीटमेंट करायची आहे. तुम्हीपण मोजा. एक मिनिट आणि एक मोजपात्र, बाकी काही लागत नाही.

येताना पोरांना गावच्या टाकीवर नेलं. अण्णा काठी टेकत आलेच. त्यांनी हिशोब सांगितला, सरकारी धोरणानं माणशी रोज ५५ लिटर, आपलं गाव अठराशेचं, म्हणजे एक लाखाला थोडं कमी. टीसीएल पावडर कशी कालवायची, मग ओटी टेस्ट. नळीत दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पोरं दोनदा-दोनदा करून बघत होती. पिवळं नाही झालं तर? एकानं विचारलं. अण्णा म्हणाले, तर मी पाणी सोडत नाही, कोणी कितीबी शिव्या देवो.

मग मी मला माहिती होतं ते सांगितलं. दहावीनंतर आयटीआयला पंप ऑपरेटरचा, प्लंबरचा, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड आहे. ड्रीपची जोडणी आणि दुरुस्ती येणाऱ्याला तर आमच्या सिन्नरच्या पट्ट्यात हंगामात जेवायला वेळ नसतो. जलसंपदा खात्यात कालवा निरीक्षक, मोजणीदार अशी पदं असतात, परीक्षा देऊन लागता येतं. रसायनशास्त्र घेतलं तर पाणी तपासणीची प्रयोगशाळा. भूशास्त्र घेतलं तर भूजल सर्वेक्षण, जे लोक गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. नाहीतर राहुरीला कृषी अभियांत्रिकी. मी आपल्या तीन बोअर नारळवाल्या पाणाड्याच्या भरवशावर घेतल्या. एकीला पाणी, दोन फुफाटा. खडक वाचणारा पोरगा गावात असता तर पैसे वाचले असते, तेपण सांगून टाकलं.

तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "काका, एवढं चांगलं हाय तर तुमच्या दादाला का नाही लावलं?"

सर त्याला दटावायला निघाले. मी म्हटलं राहू द्या.

खरं सांगतो मंडळी, तिथं मी काहीतरी थातूरमातूर बोललो. इथं लिहितो. आमचा मोठा लहानपणापासून मोटारीच्या मागं. मोटार जळाली की वाइंडिंगवाल्याच्या दुकानात दिवसभर बसून राहायचा. बारावीनंतर म्हणाला, आप्पा, मी आयटीआयला पंपाचा ट्रेड घेतो. मीच म्हणालो, गावात व्हॉल्व्ह फिरवत बसणार का? पाणीवाल्याला पोरगी कोण देईल? आता चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. अकरा महिने झाले की ब्रेक, मग परत चिकटायचं. आणि मी दुसऱ्याच्या पोरांना पाण्याचं महत्त्व सांगतोय.

रात्री त्याला फोन केला. पोरानं काय विचारलं ते सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "आप्पा, अण्णाला मिळतात किती?" साडेचार हजार, तेबी पाच महिन्यांचे थकलेत, मी सांगितलं. तो म्हणाला, मग बघा तुम्हीच.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो, तावातावानं. ग्रामसेवकांनी पाणीपट्टीची यादीच पुढं ठेवली. अण्णाचं मानधन त्या पैशातूनच निघतं. थकबाकीत माझं नाव होतं, दोन वर्षांचं. तिथंच भरली, पावती खिशात घातली आणि मगच अर्ज लिहिला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे, अण्णाचं थकलेलं मानधन द्यायचं, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेलं पोर घ्यायचं, पुरेशा पैशावर. पाणीपट्टी वाढवावी लागेल हेपण लिहिलंय. शिव्या खाणार आहे.

ती ड्रीपरवाली पोरगी आणि दोन पोरं दर रविवारी अण्णाबरोबर फिरून व्हॉल्व्हचा नकाशा काढतायत, वहीच्या दुरेघी पानावर. बावीस सापडले. अण्णा म्हणतात अजून सहा-सात आहेत, एक तर मारुतीच्या पाराखाली गाडला गेलाय.