अंगणाचा जमाखर्च

घर भाड्याने देताना आपण खोल्या मोजतो, पंखे व दिवे मोजतो, विजेच्या मीटरचे आकडे टिपून घेतो. अंगण मात्र कोणी मोजत नाही. ते घराबरोबर आपोआप जाते, आणि त्याची देखभाल कोणी करावयाची हा प्रश्न पहिल्या पावसापर्यंत कोणाच्या मनात येत नाही.

वरणगावात हा प्रश्न किरकोळ नव्हे. १९६४ साली येथे आयुध निर्माणी आली. जवळच भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. नोकरीनिमित्त बाहेरून आलेली कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात, आणि दुकानाच्या उत्पन्नास जोड म्हणून एखादे घर भाड्याने देणारी व्यापारी कुटुंबेही येथे आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एक घरमालक आणि त्यांचा भाडेकरू आपला वाद घेऊन माझ्याकडे आले. संबंध सात वर्षांचे होते. दिवाळीला एकमेकांकडे फराळाची ताटे जात. त्या पावसाळ्यात परसात गाजर गवत कमरेएवढे वाढले आणि कुंपणाची भिंत एका बाजूने ढासळली. भाडेकरूने घर सोडले तेव्हा मालकांनी अनामत रकमेतून बारा हजार रुपये कापून घेतले.

“शेठजी, भिंत काय मी पाडली?” भाडेकरू म्हणाला.

“आणि भाऊ, अंगण सात वर्षे कोणी वापरले?” मालकांनी विचारले.

करारपत्र मागवले. त्यात ‘अंगण’ हा शब्दच नव्हता.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आरंभीच महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतील भेद शिकवतात. रोजच्या वापरातून उद्भवणारा आणि लवकर जिरून जाणारा खर्च महसुली. ज्याचा लाभ अनेक वर्षे मिळतो तो भांडवली. मी कागदावर दोन रकाने आखले. गवत काढण्याची मजुरी अठराशे रुपये भाडेकरूच्या नावे, भिंतीचे दहा हजार दोनशे मालकांच्या नावे. दोघांनी ते मान्य केले व रक्कम परत मिळाली. फराळाचे ताट मात्र पुन्हा गेले नाही.

कायद्याची दिशाही साधारण हीच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, भाडेकरूने नेहमीची झीज वगळता जागा ताब्यात आली तशीच राखावयाची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात ‘जागा’ या संज्ञेत इमारतीस लागून असलेली बाग व मोकळी जमीनही येते. हा कायदा ज्या क्षेत्रास लागू आहे तेथे, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. याच कायद्याचे कलम ५५ व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये तर सारी भिस्त लिहिलेल्या अटींवरच असते.

म्हणून करारात अंगणासाठी एक परिच्छेद असावा. झाडलोट, तण काढणे, झाडांना पाणी, टाक्या व कुंड्यांतील साचलेले पाणी दर आठवड्याला रिकामे करणे ही कामे भाडेकरूची. कुंपण, फाटक, सांडपाण्याची पक्की मोरी, शौचालयाची टाकी व जुनी झाडे मालकाची. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. त्याने त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. ते काम कोणत्या महिन्यात व्हावे, हेही लिहावे. खानदेशच्या उन्हाळ्यात सावलीचे मोल मोठे. तेव्हा झाड तोडण्याचा निर्णय भाडेकरूने परस्पर घेऊ नये, आणि मालकानेही नगरपरिषदेची परवानगी पाहावी.

भाडेकरूने हौसेने वांगी किंवा मिरच्या लावल्या असतील तर घर सोडताना त्या कोणाच्या? मुदत निश्चित नसलेला भाडेपट्टा भाडेकरूच्या दोषाविना संपला, तर त्याने लावलेले उभे पीक काढून नेण्याचा हक्क त्याला आहे, असे हेच कलम १०८ सांगते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना जे सुचले, ते आपल्या करारपत्रात दोन ओळींत सहज मावेल.

ताबा देताना अंगणाची चार छायाचित्रे काढावीत, त्यांवर दोघांनी तारखेसह सही करावी, आणि दर ज्येष्ठात, पाऊस पडण्यापूर्वी, मालक व भाडेकरूने एकदा परसात एकत्र फिरून यावे. या फेरीस अर्धा तास पुरतो, आणि पुढे अनामत परत करताना आवाज चढवावा लागत नाही.