हातचा एक

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो गदारोळ उठला, त्यात आम्हीही यथाशक्ती भर घातली होती. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन त्या पुस्तकात आले होते. मराठीचे अध्यापक या नात्याने आम्हांस ते भाषेवरचे अतिक्रमण वाटले. 'आता छत्तिसाच्या आकड्याला तीस सहाचा आकडा म्हणायचे काय?' हा आमचा विनोद स्टाफरूममध्ये बराच चालला. पुस्तक मात्र आम्ही उघडून पाहिले नव्हते. जुनी नावे त्यात कायम होती, हे पुष्कळ उशिरा कळले. तोवर समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचेही २०२३ साली निधन झाले होते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमची नात. ती यंदा दुसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिची बेरीज पक्की करून घेण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. 'लिही, सत्तेचाळीस अधिक अडतीस,' असे म्हणताच तिने ७४ लिहिले. तिचे काय चुकले? शब्दात सात आधी ऐकू आला, तो तिने आधी लिहिला. मराठी एकक आधी उच्चारते आणि दशक आधी लिहिते. ही उलटापालट आयुष्यभर वापरूनही आमच्या कधी ध्यानी आली नव्हती. कन्नड, तेलुगू मुलांना ही अडचण नाही. नॉर्वेने तर १९५१ साली शाळांतून संख्या म्हणण्याचा क्रमच बदलून टाकला.

अंक सुधारले. आता एककाखाली एकक, दशकाखाली दशक, आणि हातचा एक. पण आम्ही रेघ ओढेपर्यंत ती म्हणाली, 'पंच्याऐंशी.'

'कसे काय?'

'चाळीस आणि तीस सत्तर. सात आणि आठ पंधरा. सत्तर आणि पंधरा.'

'आधी एकक घ्यायचे असतात, बाळ.'

'का पण, आजोबा?'

या 'का'ला आमच्याकडे उत्तर नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते सुचले. कागदावर डावीकडून सुरुवात केली तर सात लिहून, मग खोडून, आठ करावे लागतात. म्हणून लेखी रीत उजवीकडून निघते. तोंडी हिशेबात खोडायचे काहीच नसते. मंडईतला भाजीवाला दशके आधी जुळवतो ते यासाठीच. म्हणजे 'आधी एकक' हा कागदाचा नियम, बेरजेचा नव्हे. एका कवितेचे एकच वाचन नसते असे तीस वर्षे वर्गात सांगणारे आम्ही, एका बेरजेची दुसरी वाट दिसताच मुलीला अडवीत होतो.

दुसऱ्या दिवशी ५६ अधिक २९ घातले. या वेळी ती अडली. तेव्हा आम्ही गणित सोडून आमच्या विषयाकडे वळलो. 'एकोणतीस' या शब्दात काय आहे? एकोण म्हणजे एक उणे. तीसला एक कमी. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. 'मग तीसच मिळवू? शहाऐंशी. आणि एक परत द्यायचा. पंच्याऐंशी!' पुढचा अर्धा तास एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी यांची नुसती लूट चालली होती. इतक्या वर्षांत आम्ही हा शब्द कितीदा उच्चारला असेल. त्यात बेरजेची एक युक्ती आयती बांधून ठेवलेली आहे, हे तिच्यामुळे दिसले. 'तीस नऊ' म्हटले की ही युक्ती शब्दातून नाहीशी होते, एवढा आमचा आक्षेप अजून शिल्लक आहे. पण तो २०१९ साली आम्ही घेतलाच नव्हता. तेव्हा आमच्यापाशी फक्त विनोद होता.

एकोणनव्वदपर्यंत आल्यावर तिने विचारले, 'मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?'

आम्ही शब्दकोश शोधायला उठलो. परत आलो तेव्हा वहीत ९९ अधिक ४७ मांडलेले होते. हातचा कुठेही नव्हता. सत्तेचाळिसातला एक काढून तिने शंभर पुरे केले होते आणि शेजारी १४६ लिहिले होते.