शिशातल्या अक्षरांचं देणं

मला प्रूफ वाचता येतं ते सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यामुळे. कॉलेजच्या अंकासाठी मी तिथे जायला लागले तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे काका साठीला आले होते. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांची घरं असलेल्या केसवर, आणि तोंडाने मला प्रश्न: "पोरी, दक्षिणा आचार्यांना की आचाऱ्यांना?" त्या दोन र-कारांचे खिळे वेगळे, घरंही वेगळी. तेव्हापासून माझी नजर तिथे अडखळते.

देवनागरीची केस म्हणजे एकत्र कुटुंबाचा वाडा. इंग्रजीचं 26 अक्षरांवर भागतं. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार धरून खिळे शेकड्यांनी. त्यामुळे यंत्र आलं की पहिली कात्री लिपीला लागायची. लायनोटाइप या जुळणीयंत्राला कळा 90. 'केसरी'साठी टिळकांनीही खिळे कमी करण्याची खटपट केली होती. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली अि, अी, अु ही पद्धत 'किर्लोस्कर' मासिकाने चालवली. आम्ही पोरं त्या जुन्या अंकांना हसायचो, काका हसत नसत. "इ-ई-उ-ऊ ची घरं वाचतात, हात कमी फिरतो," एवढंच म्हणायचे. लिपीचे वाद मी नंतर पुष्कळ वाचले, पण दिवसभर उभं राहून जुळणी करणाऱ्याची बाजू त्यांत क्वचितच सापडली.

पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं. खिळे वजनावर विकले गेले. काकांना मालकांनी प्रुफांवर बसवलं. सुरुवातीचा संगणकही काही शहाणा नव्हता. फाँट बदलला की मजकुराचा कचरा, कारण ज्याची त्याची सांकेतिक जुळणी निराळी. सगळ्यांसाठी एकच जुळणी ठरवणाऱ्या युनिकोडच्या 1991च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण ती घरोघरच्या पडद्यावर यायला वेळ लागला. विंडोज 2000 बरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' हा फाँट आला. आता क, हलन्त, ष टंकले की 'क्ष' फाँट स्वतः जुळवतो. यंत्रासाठी लिपी छाटायची गरज उरलेली नाही, आणि हा बदल मला छपाईच्या वेगापेक्षा मोठा वाटतो.

तुमच्या गावात खिळेजुळणी केलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून केसमधल्या घरांची मांडणी कागदावर उतरवून घ्या. केस भंगारात गेल्या असल्या तरी त्या हातांना ती अजून पाठ असते.