पुलाखालचं दुकान

मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जिथं येऊन मिळतो, त्या द्वारका चौकापासून मामाचं कमान-पाट्याचं दुकान पाच मिनिटांवर आहे. उड्डाणपूल व्हायच्या आधी धुळ्याकडून मुंबईला जाणारे ट्रक त्याच्या दारावरून जायचे. पूल झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वरच्या वर निघून जायला लागल्या. उरले ते लासलगावचा कांदा आणि निफाडची द्राक्षं वाहणारे पिकअपवाले. त्यांच्यातली नवी पोरं आता रस्त्यावर कुणाला विचारत नाहीत. फोनला विचारतात.

मागच्या दिवाळीत मामानं फोन माझ्यापुढे धरला. ‘नाशिकमध्ये पिकअपचा पाटा तुटला तर कुठं जायचं?’ असं त्यानं एआयला बोलून विचारलं होतं. उत्तर ऐटीत होतं. चार दुकानांची नावं होती, त्यातलं एक कधीच बंद पडलेलं. मामाचं नव्हतं.

“तू सॉफ्टवेअरमधला ना? मग याला आपलं नाव का माहीत नाही?”

मी कामाला लागलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली अशा ठिकाणच्या संशोधकांनी ‘जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन’वर एक पेपर लिहिला होता. मजकुरात आकडे, अवतरणं आणि स्रोत असतील तर एआयच्या उत्तरात तो दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, असं त्यांना आढळलं. जुन्या एसईओसारखे कीवर्ड कोंबून फारसं काही हाती लागत नव्हतं.

आकडे हवेत ना? मी एका संध्याकाळी पान तयार केलं. ‘१०,००० हून अधिक समाधानी ग्राहक. ९८ टक्के गाड्यांचं काम त्याच दिवशी.’

मामानं चष्मा लावून वाचलं. “हे अठ्ठ्याण्णव कुणी मोजलं?”

“असं लिहावं लागतं रे मामा.”

“आणि हे वाचून कुणी कांदा भरून रात्री अकराला आला, काम नाही झालं, तर तो कांदा तुझं मशीन विकत घेणार का?”

मी गप्प बसलो. मामा आत गेला आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आला. तेलाचे डाग पडलेल्या वह्या. गाडी नंबर, काय तुटलं, काय टाकलं, किती घेतले. माझ्याकडे आकडे नव्हते म्हणून मी ते बनवले, आणि इथं खरे आकडे गल्ल्याखाली पडून होते.

पुढचे काही रविवार मी वह्या टाइप करत बसलो. एआय अख्खं पान वाचून कुणाची शिफारस करत नाही. ते प्रश्नाचे छोटे छोटे प्रश्न करतं, शोधातून पानं आणतं, त्यातले उपयोगी परिच्छेद उचलतं आणि उत्तर शिवतं. म्हणून प्रत्येक परिच्छेद एकटा उभा राहायला हवा. बाकी गुपित काही नाही. शोधात पान नोंदलेलं असावं आणि त्यातला उतारा दाखवता यावा, एआयसाठी वेगळं मार्कअप लागत नाही, असं गूगलच सांगतं. तरीही ‘एआयमध्ये नाव आणून देतो’ म्हणत पैसे मागणारे भेटतातच.

मी मामाला प्रश्न विचारायचो, तो बोलेल तसं लिहायचो. सेंटर बोल्ट का तुटतो? “यू बोल्ट ढिले राहिले म्हणून. नवा पाटा टाकला की पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे. कुणी येत नाही.”

दोनेक महिन्यांनी मी एआयला विचारलं, नवा पाटा बसवल्यावर काय काळजी घ्यायची? उत्तरात मामाचं वाक्य होतं, जवळजवळ जसंच्या तसं. मी धावत जाऊन दाखवलं.

“बोलतंय माझ्यासारखंच,” मामा म्हणाला. “पण नाव कुठाय?”

नाव बाजूच्या बारक्या लिंकमागं होतं. ती लिंक कोण उघडतं? प्यू रिसर्च सेंटरनं मार्च २०२५ मधलं अमेरिकेतल्या ९०० जणांचं ब्राउझिंग तपासलं. एआयचा सारांश नसताना १५ टक्के वेळा शोधातल्या एखाद्या लिंकवर क्लिक झालं, सारांश असताना ८ टक्के. खुद्द सारांशातल्या लिंकवर जेमतेम १ टक्का. मी नकळत वर पाहिलं. पुलावरून गाड्या चालल्या होत्या. इथंही तसंच, माल आपला आणि वाहतूक वरून.

हे मी मामाला सांगितलं नाही. पूल त्यानं माझ्या आधी पाहिलाय.

गेल्या महिन्यात पिंपळगावचा एक पोरगा आला. पाटा दुसरीकडे बसवलेला. “फोननं सांगितलं, बोल्ट आवळून घ्या म्हणून. खाली तुमची लिंक होती.” मामानं गाडीखाली जाऊन चारही यू बोल्ट आवळले, पैसे घेतले नाहीत.

वहीत मात्र नोंद केली. गाडी नंबर, यू बोल्ट ढिले, आवळले. पैशांच्या रकान्यात शून्य. त्या रविवारी मी तीही ओळ पानावर चढवली.