आठव्या दिवशीचा श्वास

आमचे दुकान वैभववाडीच्या बाजारात आणि राहणे त्याच्याच मागच्या खोल्यांत. पावसाळ्यात धान्याच्या पोत्यांमागे उंदीर येतात व उंदरांमागून साप, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही २०१६ च्या जुलैमध्ये माझा धाकटा भाऊ पाठीला बरे वाटते म्हणून जमिनीवरच अंथरूण घालून झोपत असे. एका पहाटे तो पोट धरून उठला. आम्ही ओवा दिला. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली, पाण्याचा घोटही गिळता येईना. अंगावर कोठे जखम नाही, सूज नाही. सरकारी दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी त्या मिटलेल्या पापण्या पाहूनच सांगितले, मण्यार.

मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो व बहुतेकदा दुखतही नाही. तिच्या विषाने मज्जातंतूंची स्नायूंपाशी असलेली टोके निकामी होतात. प्रतिविष रक्तातील विषाला आवरते. मात्र बिघडलेली टोके पूर्ववत होण्यास दिवस लागतात, आणि तेवढे दिवस श्वास दुसऱ्या कोणीतरी घ्यावा लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंश व सर्पदंश यांवर आयुष्यभर काम केले, ते अशाच घरांसाठी. आम्हाला त्या सकाळी यातले काहीच ठाऊक नव्हते. प्रतिविष सुरू झाले, घशातून श्वासनलिकेत नळी गेली आणि आम्ही कोल्हापूरकडे निघालो.

करूळ घाटात धुके होते. सोबतचा परिचारक नळीला जोडलेली रबरी पिशवी दाबत होता. त्याचा हात भरून आल्यावर त्याने ती माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "मनात पाच मोजा आणि दाबा. घाई करू नका." गगनबावड्यापर्यंत मी दुसरे काही केले नाही. वळणावर तोल गेला, तरी आकडा चुकू दिला नाही.

पुढे वाचनात आले, की अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळात अशा पिशवीतून जन्मली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबलेल्या रुग्णांसाठी यंत्रे पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून तेथून हाताने हवा देण्याची युक्ती काढली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. माझ्या वाट्याला घाटापुरतीच पाळी आली होती.

कोल्हापुरात पिशवीची जागा व्हेंटिलेटरने घेतली. तिसऱ्या दिवसापर्यंत भावात कोणताच फरक दिसेना. डोळे मिटलेले, हात उचलून सोडला तर निर्जीव वस्तूसारखा पडे. नातेवाईक जमले. त्या सायंकाळी आम्ही त्याच्या खाटेशीच उभे होतो आणि मामा म्हणाले, "श्वास यंत्र घेतंय, तो नाही. घरी नेऊया. आपल्या माणसांत जाऊ दे." मी नाही म्हणालो नाही. खर्चाचा विचार माझ्याही मनात होता, हे आज लिहिताना संकोच वाटतो, परंतु होता.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे. त्यांनी भावाच्या पायांवरील चादर बाजूला केली, त्याच्या कानाशी वाकल्या आणि उजव्या पायाचा अंगठा हलवण्यास सांगितले. अंगठा हलला. थोडासाच, पण सर्वांनी पाहिला. "ते बेशुद्ध नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना सगळं ऐकू येतंय. या विषात बाहुल्यासुद्धा कधी कधी उजेडाला आकसत नाहीत, म्हणून माणूस गेला असं वाटतं." मामा मटकन खाली बसले. त्यानंतर घरी नेण्याचा विषय कोणी काढला नाही. मी रोज त्याला दुकानाचा हिशेब वाचून दाखवू लागलो.

पाचव्या दिवशी बोटे हलू लागली, पापण्या अर्ध्या उघडल्या. माझी समजूत अशी, की आता नळी काढतील आणि सुटलो. पण यंत्र एकदम काढत नाहीत. आधी यंत्राचा आधार अगदी किमान करतात आणि रुग्ण अर्धा तास आपल्या बळावर श्वास घेऊ शकतो का, ते खाटेशी उभे राहून पाहतात. सहाव्या दिवशी ही परीक्षा झाली. श्वास उथळ आणि भराभर होत गेले, मानेचे स्नायू ताणले गेले, कपाळावर घाम आला. अठराव्या मिनिटाला पडद्यावर मिनिटाला ३८ श्वास आणि प्रत्येक श्वासात २४० मिलिलिटर हवा. मॅडमनी थांबवले व यंत्राचा पूर्ण आधार पुन्हा दिला.

सिस्टरनी मला एक हिशेब शिकवला. मिनिटातील श्वासांच्या संख्येला एका श्वासातील हवेने, लिटरमध्ये, भागायचे. उत्तर १०५ च्या वर गेले तर यंत्र सुटण्याची शक्यता कमी. आमचे उत्तर आले १५८. माझे सारे आयुष्य भागाकारात गेले आहे; पण इतका नकोसा भागाकार मी केला नव्हता.

भावाच्या डोळ्यांतील भीती पाहून मीच मॅडमना विनवले, "आणखी चार-आठ दिवस यंत्र राहू द्या. त्याला त्रास नको." तीन दिवसांपूर्वी यंत्र काढून नेण्यास तयार झालेला मीच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, यंत्र श्वास घेत राहिले की छातीखालचे श्वासपटल रिकामे बसते आणि वाळू लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अवघे १८ ते ६९ तास यंत्रावर निश्चल राहिलेल्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले होते. त्याखेरीज नळीमुळे न्यूमोनियाची धास्ती दिवसागणिक वाढते. म्हणून रात्री पूर्ण विसावा आणि दिवसातून एकदाच परीक्षा. ही रीतही अनुभवातून आलेली आहे. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की यंत्राचा आधार थोडा थोडा उतरवत नेण्यापेक्षा रोज एकदा अशी परीक्षा घेतल्याने रुग्ण लवकर सुटतात.

सातव्या दिवशी अर्धा तास पार पडला. तरीही नळी निघाली नाही, कारण खोकल्यात जोर नव्हता. कफ स्वतः बाहेर टाकता आला नाही तर घेतलेला श्वासही व्यर्थ, असे मॅडम म्हणाल्या. मला तो दिवस सर्वांत लांब वाटला.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी भावाला उशीवरून डोके उचलण्यास सांगितले आणि पाच आकडे मोजले. डोके टिकले. परीक्षेच्या शेवटी श्वास २४, हवा ४२० मिलिलिटर, भागाकार ५७. घसा साफ केला, फुगा सोडला आणि नळी एका दमात बाहेर आली. तो खोकला, पुन्हा खोकला, आणि मग काही क्षण काहीच ऐकू आले नाही. माझ्या मनात आपोआप आकडे सुरू झाले. चारवर त्याची छाती उचलली गेली.

परतीच्या वाटेवर घाटात पाऊस थांबला होता. त्याचा आवाज अजून घोगरा होता.

"दादा, मामा बोलत होते ना, त्या दिवशी?"

"हो."

"मी तेव्हापासूनच अंगठा हलवत होतो. चादर होती वर."

मी खिडकीची काच थोडी खाली केली. तो बराच वेळ बाहेर तोंड करून बसला होता. घरी पोहोचल्यावर आईने त्याचे अंथरूण खाटेवर घातले आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचून घेतल्या.