चित्राखालच्या दोन ओळी

दादर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावे, केशवसुत पुलाच्या कडेने चार पावले टाकावीत, की फुलबाजार आला हे आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. त्यातून दसऱ्याची आदली पहाट असली तर विचारूच नका! पुणे, नाशिक, सातारा जिल्ह्यांतून रात्रभर धावत आलेले टेंपो, पुरुषभर उंचीचे झेंडूचे ढीग, आपट्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्या, आणि ‘चला, बाजूला व्हा!’ असे ओरडत अंगावर येणारे पाटीवाले. गेल्या वर्षी या गर्दीत मी भाचीची पिशवी सांभाळीत उभा होतो.

आमची भाची फोटोग्राफी शिकते. तोवर तिने काचेचे पेले, फुलदाण्या आणि शेजारच्यांचे बाळ एवढ्यांचेच फोटो काढले होते. एका साप्ताहिकाच्या संपादकांनी तिला प्रथमच काम दिले होते : दसऱ्याच्या बाजाराचे एक चित्र. आदल्या दिवशी ती एकटीच येऊन तीनशे फोटो काढून गेली होती. त्यांतला एक तर घरी सर्वांना फारच आवडला. डोक्यावर झेंडूची पाटी, मागून दिव्याचा उजेड, पाटीखाली एका म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा.

संपादकांनी तो पाहिला आणि विचारले, ‘‘छान आहे. ही बाई कोण? कुठून आली? आज भाव काय मिळाला तिला?’’

भाचीपाशी उत्तर नव्हते.

‘‘मग ही झेंडूची शोभा झाली. बातमी कुठे आहे?’’

म्हणून ही दुसरी फेरी. गाडीत तिने मला होमाई व्यारावालांची हकिकत सांगितली. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाईबाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. मुंबईच्या रोजच्या जगण्याची त्यांनी टिपलेली चित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापून येत; पण खाली नाव असे पती माणेकशा यांचे! पुढे १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या, स्वातंत्र्याचा सोहळा त्यांनी कॅमेऱ्यात धरला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ‘‘मामा, त्यांच्या रोलीफ्लेक्समध्ये एका फिल्मवर बाराच फोटो निघायचे,’’ भाची म्हणाली, ‘‘आणि मी एका सकाळी तीनशे काढले!’’

म्हातारी कालच्याच जागी, पदपथावर गोणपाट अंथरून बसली होती. भाचीला पाहताच तिने तोंड फिरवले.

‘‘काल बी काढलास न्हवं फोटू? इचारलं नाहीस.’’

भाचीचा चेहरा उतरला. ‘‘चुकलं आजी,’’ ती म्हणाली, आणि कॅमेरा माझ्या हाती देऊन तिच्याशेजारी बसली.

रात्री पाऊस झोडपून गेला होता. झेंडू भिजला की पाकळ्यांत पाणी राहते, फूल काळवंडू लागते आणि गिऱ्हाईक त्याला हात लावीत नाही. जुन्नरकडची ही बाई स्वतःच्या रानातला माल घेऊन आली होती. आठ वाजता निम्म्याहून अधिक फुले तशीच पडून होती. शेवटी ती उठली आणि दोन्ही हातांनी ती फुले कचऱ्याच्या ढिगाकडे लोटू लागली.

बातमी हीच होती, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळले. मी कॅमेरा पुढे केला. भाचीने तो घेतला. पण डोळ्याला लावला नाही.

‘‘आजी, काढू का?’’

‘‘फेकताना नगं. इकताना काढ की!’’

भाची काही बोलली नाही. कॅमेरा खाली ठेवून तीही फुले लोटू लागली. तिचे चित्र गेले, असे मला वाटले. बऱ्याच वेळाने म्हातारीनेच कमरेवर हात ठेवून विचारले, ‘‘खाली लिवत्यात का काय फोटूच्या?’’

‘‘दोन ओळी.’’

‘‘मग काढ. पर लिही, माल वाईट न्हवता. पाऊस लागला.’’

भाचीने तीनच फोटो काढले. मग वही उघडून तिचे नाव, वडिलांचे नाव, गाव, सगळे तिला पुन्हा वाचून दाखवले. ते नाव मी येथे देत नाही. छापण्याची परवानगी म्हातारीने भाचीला दिली होती, मला नव्हे.

पुढच्या अंकात चित्र आले. खाली दोन ओळी होत्या, त्यांत पाऊसही होता. छायाचित्रकार म्हणून भाचीचे नाव मात्र राहून गेले होते. मी चिडलो. भाची तोवर बोट ठेवून म्हातारीचे नाव अक्षर अक्षर तपाशीत होती.

‘‘बरोबर आहे, मामा,’’ ती म्हणाली, आणि अंकाची एक प्रत जुन्नरला पाठवायला पाकीट शोधू लागली.